शांता परबचा फोन

कासारवर्णे, पेडणे
११ डिसेंबर २०२३

गौरवी बाय,

वर आशीर्वाद लिहिणार होतो, पण ते तुला चालतील की नाही कळेना, म्हणून तेवढी जागा कोरी सोडली आहे. हवी तर तूच भरून घे.

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला येत्या फेब्रुवारीत चार वर्षं होतील. केलास तर केलास. पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, निदान आपल्या पेडण्यात तरी. म्हणून हे पत्र. हात लिहायला विसरलाय, अक्षर सांभाळून घे.

काम असं आहे की आमच्या दशावतारी मंडळात एक माणूस आहे. नाव सांगत नाही, सांगू नको म्हणालाय. वय चोपन्न. त्याने चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जाव्यात म्हणून कपाळात आणि भुवयांच्या मध्ये इंजेक्शनं टोचून घेतली. मोपाचा विमानतळ झाल्यापासून त्या रस्त्याला काय काय दुकानं उघडली आहेत म्हणून सांगू! त्यातल्याच एका पार्लरात. चार दिवस सगळं छान. पाचव्या दिवशी सकाळी उठतो तर उजवी पापणी अर्धी खाली. दुकानाचं शटर मधेच अडकतं ना, तशी. वर ओढली की येते, सोडली की पुन्हा खाली.

तू डिचोलीला त्या कातडीच्या डॉक्टरांकडे नर्स आहेस. असले प्रश्न तुझ्याकडे रोज येत असतील. तर त्या माणसाला एवढंच कळायला हवं आहे: पापणी उघडणार की नाही? उघडणार तर कधी? पौष पौर्णिमेला, म्हणजे पंचवीस जानेवारीला, आपल्या गावची जत्रा. त्या दिवशी त्याला राणीचं काम करायचं आहे. तोपर्यंत उघडेल का? पोस्टकार्डावर दोन ओळी टाकल्यास तरी पुरे.

मी बरा आहे. गुडघे तेवढे कुरकुर करतात.

तुझा,
बाबा

२२ डिसेंबर

गौरवी बाय,

अकरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. टपालखात्याला नावं ठेवून झाली, आता माझं मलाच ठेवतो. तो माणूस मीच. तू पहिल्या चार ओळींतच ओळखलं असशील. स्त्रीपार्टी करणारा, चोपन्न वर्षांचा, आपल्या गावात दुसरा आहे कोण?

आता सगळं सांगतो. हसायचं तर हस.

दिवाळीनंतर पहिली तालीम होती. तालीम कसली म्हणा, आमच्यात लिहिलेलं काही नसतंच. मालक आख्यान सांगतो आणि ज्याने त्याने रंगमंचावर उभं राहून मनातलं बोलायचं. तर बाबुराव मालक म्हणाला, "दत्तू, आता लोक मोबायलात फोटो मोठो करून बघतत. राणयेच्या कपाळार रेषो दिसतत रे." सगळे हसले. मीही हसलो. मग हळूच म्हणाला, जत्रेच्या दिवशी राणी किरण करूदे. किरण सत्तावीस वर्षांचा आहे, बेळगावकडचा, पोरगा गुणी आहे, मी त्याच्यावर राग धरत नाही. पण बाय, आपल्या गावच्या जत्रेची राणी एकतीस वर्षं माझी आहे. तुझी आई पहिल्यांदा मला बघायला आली ती त्या राणीलाच. म्हणायची, माझ्यापेक्षा तुलाच पातळ बरं नेसता येतं मेल्या.

म्हणून गेलो. पार्लरात डॉक्टर नव्हता. हातमोजे घातलेली एक मुलगी होती, कुठेतरी दोन दिवसांचा कोर्स करून आलेली. टोचताना मुंगी चावल्यासारखं झालं, बास. मग तिने घडाघडा सांगितलं की चार तास आडवं पडू नका, चेहरा चोळू नका, डोक्याला घट्ट काही बांधू नका. मी मान हलवली.

आणि संध्याकाळी धारगळला नाटक होतं.

आता तूच सांग, मी चेहरा चोळला का? माझ्या मते नाही. मी रंग लावला. आधी खोबरेल, मग सफेदा, दोन्ही तळव्यांनी कपाळापासून हनुवटीपर्यंत एकसारखा बसेपर्यंत. मग गंगावनाखाली पट्टी आवळली, सुटली तर भर नाटकात राणीचं टक्कल दिसायचं. मग पेटाऱ्यातल्या गणपतीला नमस्कार, कपाळ पेटाऱ्याला टेकून, रोजच्यासारखा. एकतीस वर्षं हात हेच करत आलेत. याला मी कधी चोळणं म्हटलेलंच नाही. चोळतात ती पाठ. रंग लावतात. परत येताना टेम्पोत अचानक लक्षात आलं की त्या मुलीने नाही म्हणून सांगितलं तेवढं सगळं मी ओळीने केलं आहे. आवशीचो घोव, स्वतःलाच म्हटलं, दुसरं कोणाला म्हणणार?

आता आमच्या मंडळातला महादेव रोज विचारतो, "दत्तूदादा, माका डोळो मारतंस काय?" कपाळ तर हलतच नाही. आरशात बघून रागावायचा प्रयत्न केला. आतून रागावलो, बाहेर काही पत्ता नाही. सत्यनारायणाला बसलेल्या यजमानासारखा चेहरा झालाय.

तुझ्या लग्नाच्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही. मालकाने सोडलं नाही, हे तुला तेव्हाच सांगितलं होतं. दुसरी राणी नव्हती. तेच पुन्हा पुन्हा उगाळत बसायचा कंटाळा आलाय.

उत्तर दे गो.

बाबा

१२ जानेवारी २०२४

गौरवी,

हे पत्र बसून वाच.

गेल्या तीन आठवड्यांत तुमच्या क्लिनिकच्या फोनवर एका बाईने चारदा फोन केला. तुयेची शांता परब. तिची पापणी पडली होती. ती बाई मी आहे.

रागावण्याआधी ऐकून घे. पत्राला उत्तर येईना म्हणून मी महादेवचा मोबाइल घेतला. वाटलं, दुसरं कोणी उचलेल, विचारून घेईन आणि ठेवून देईन. तर तूच उचललास. "नमस्कार, बोला." चार वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि तोंडातून राणीचाच आवाज बाहेर पडला. मी मुद्दाम नाही केलं. माझ्या आवाजात बोललो असतो तर तू फोन आपटला असतास, हे घशाला माझ्याआधी कळलं असणार. "हॅलो, मी तुयेसून शांता परब बोलतंय गो बाय," म्हणून मोकळा झालो.

तू म्हणालीस, "बोला मावशी. घाबरू नका."

किती नीट सांगतेस तू! मी काय काय विचारलं, तू सगळ्याला उत्तर दिलंस. हे औषध उलटवायला दुसरं इंजेक्शन नसतं, ते आपोआप उतरतं. पापणी साधारण सहा-आठ आठवड्यांत वर येते, कोणाची आधी, कोणाची उशिरा. कपाळ हलायला तीन-चार महिने. पुन्हा टोचलं नाही म्हणून चेहरा पहिल्यापेक्षा वाईट होत नाही, होता तसा होतो. डोकं दुखणं, निळं पडणं हे होतं आणि जातं. पण गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर फोन करत बसू नका, थेट इस्पितळ गाठा. पापणी थोडी उचलायला थेंब असतात, पण ते डॉक्टरांनी तपासून द्यायचे, मैत्रिणीचे घेऊन घालू नका. मी विचारलं, "आणि बाय, आता रडलं तर रडलेलं दिसतं काय गो?" तू म्हणालीस, "डोळ्यांतून पाणी येतं मावशी. कपाळावर तेवढं दिसत नाही."

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी दुसऱ्यांदा केला. मग तिसऱ्यांदा. पापणीचं विचारायचं सगळं संपलं होतं, मी नवीन प्रश्न रचत होतो. तिसऱ्या खेपेला शांता परबने विचारलं, घरी कोण कोण असतं गो तुझ्या? तू म्हणालीस, नवरा साईश, सासूबाई. शांताने विचारलं, आणि माहेरी? तू म्हणालीस, "आई आठ वर्षांपूर्वी गेली. वडील नाहीत."

मी "अरेरे" म्हटलं. राणीच्या आवाजात. माझ्याच मरणाचा दुखवटा मीच केला.

चौथ्या फोनला तू म्हणालीस, मावशी, फोनवर किती सांगणार, बुधवारी तीन वाजता या, गर्दी नसते, मी स्वतः डॉक्टरांना दाखवते. मी हो म्हटलं. परवा बुधवारी बसने डिचोलीला आलो. तुमच्या क्लिनिकच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. तू दोनदा दारात येऊन रस्त्याकडे बघून गेलीस. त्या खोट्या बाईची वाट बघत होतीस. मला रस्ता ओलांडता आला नाही. चार वाजताच्या बसने परत आलो.

आता शांता परब पुन्हा फोन करणार नाही. शिरां पडो तिच्या तोंडार. तुला फसवलं याची मला लाज वाटते. पण खरं सांगू? चार वर्षांत तू माझ्याशी इतकं गोड बोललेली नव्हतीस.

बाबा

२७ जानेवारी

गौरवी,

परवा जत्रा झाली. तुला कळायला हवं असं एक आहे, म्हणून शेवटचं लिहितो. यापुढे त्रास देणार नाही.

जत्रेच्या आठवडाभर आधी मी स्वतःच बाबुरावला जाऊन सांगितलं की राणी किरणला दे. पापणी अर्धीअधिक वर आली होती, तो हरकत घेणार नव्हता. पण कपाळ दगडाचं. राणीच्या कामात सगळं भुवयांतच असतं, ते मला नाही तर कोणाला कळणार? बाबुराव मग म्हणाला, "मग राजा कर. राजाक तोंड हलवचा लागना."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा मिशी चिकटवली. महादेव बघून म्हणाला, "अरे बापरे, बापयमाणूस!" तो राजकन्या होता, तीन पोरांचा बाप. किरणला राणीचं पातळ मी नेसवलं. 

आख्यान तुझ्या लग्नाच्या दिवशीचंच होतं, राजकन्येच्या पाठवणीचं. तो व्हिडिओ तू बघितला आहेस. मी राणी होऊन ढसाढसा रडतोय, बायका डोळ्यांना पदर लावतायत, आणि वर कोणी लिहिलंय की असा अभिनय होणे नाही. तू तो बघितलास आणि दुसऱ्या दिवशी माझा नंबर बंद केलास. आपल्या पोरीच्या पाठवणीला हा नव्हता, आणि त्याच दिवशी महादेवच्या पाठवणीला गळा काढून रडला. मी तुझ्या जागी असतो तर दगड घेऊन आलो असतो.

तर आता ऐक. मालकाने सोडलं नाही हे खोटं. बाबुराव त्या दिवशी हॉलच्या दारात मला म्हणाला होता, "दत्तू, हयच रव. आई नाय तिका. मी करतंय कायतरी." मीच टेम्पोत चढलो. मंगलाष्टकं झाली, जेवणं झाली, आणि तू आत साडी बदलायला गेलीस तेव्हा मी तुझ्या सासरच्या माणसांमध्ये उभा होतो. ती माझ्या कोरलेल्या भुवया बघत होती. बघूदेत, त्याचं मला काही नाही. पण थोड्या वेळाने तू बाहेर येणार, गळ्यात पडणार, आणि मग मी काय करणार? बायकोच्या मरणालाही मला रडता आलं नव्हतं. पातळ नेसल्याशिवाय मला रडता येत नाही, बाय. बापयमाणसाने कसं रडायचं ते मला कोणी शिकवलंच नाही. तू गळ्यात पडली असतीस आणि मी खांबासारखा उभा राहिलो असतो. त्याची भीती वाटली. म्हणून पळून गेलो आणि तुझ्यासाठीचं सगळं तिकडे रडलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परवा पाठवणीचा प्रवेश आला. राजाने लांबलचक बोलायचं असतं, सासरी कसं वागावं वगैरे. महादेव पाया पडला, उठला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मला एक शब्द सुचेना. पायपेटीवाल्याने एक सूर धरला, मग दुसरा. मागून बाबुराव, "बोल रे, बोल रे." मी बोललो नाही. महादेवचा हात धरला आणि त्याच्याबरोबर रंगपटाच्या पडद्यापर्यंत चालत गेलो. तो आत गेला. राजाने तिथून लगेच वळायचं असतं, पुढचा प्रवेश सुरू व्हायचा असतो. मी वळलो नाही. पडद्याकडे तोंड करून उभा राहिलो. किती वेळ ते ठाऊक नाही. रडलोही नाही. नुसता उभा होतो.

बाबुरावने नंतर झाडलं मला. म्हणाला, असो मुको राजा मी जन्मात बघूक नाय. टाळ्या पडल्या नाहीत. पहिल्या रांगेतला एक म्हातारा तेवढा म्हणाला, बरा उभा राहिलास रे.

एवढंच सांगायचं होतं. दमलो आता. खाज्याचा पुडा वेगळा पाठवतोय, आपल्या जत्रेचा. साईशला आणि सासूबाईंना दे. तू खाल्लास तरी मला कळणार नाही.

बाबा

डिचोली
२ फेब्रुवारी २०२४

बाबा,

तुझी चारही पत्रं मिळाली. खाजं मिळालं. सासूबाईंना आवडलं, मीही खाल्लं.

शांता परबला मी पहिल्या फोनलाच ओळखलं होतं. मी लहान असताना तू घरात भांडी घासत त्याच आवाजात नाटकं म्हणायचास, मला तो आवाज कळणार नाही असं वाटलंच कसं तुला? फोन ठेवणार होते. मग वाटलं, पापणीचं विचारतोय तर सांगते, कोणीही पेशंट असता तरी सांगितलं असतंच. "वडील नाहीत" ते शांताला नाही, तुला सांगितलं होतं. तुला लागावं म्हणूनच सांगितलं. घरी येऊन जेवले नाही त्या दिवशी.

त्या बुधवारी तू पलीकडे होतास. जानेवारीत पावसाचा पत्ता नाही आणि छत्री उघडून एक माणूस रस्त्याला उभा, तो कोणाला दिसणार नाही? मी दोनदा दारात आले. तू आला नाहीस आणि मीही रस्ता ओलांडला नाही. तेव्हा तुला एकट्याला बोल लावत नाही.

जत्रेला मी आणि साईश आलो होतो. खाज्याच्या दुकानांच्या मागे उभे होतो. तुला सांगायचं नव्हतं. साईशने विचारलं, राजा बोलत का नाही? मी म्हटलं, थांब जरा. तू पडद्याकडे तोंड करून उभा राहिलास ना, तेव्हा मी घड्याळ बघितलं. जवळजवळ चार मिनिटं. लोक चुळबुळ करत होते. मला ती पुरली नाहीत, खरं सांगते. चार वर्षांचा राग चार मिनिटांत कसा जाईल? पण माझ्या पाठवणीला तू उभा असतास तर कसा दिसला असतास ते मला बघायला मिळालं. मी खूप रडले. साईश घाबरला.

आता कामाचं. त्या पार्लरात पुन्हा पाय ठेवायचा नाही. राणी करायची असेल तर सुरकुत्यांसकट कर, लोकांना मोबाइलवर फोटो मोठा करून काय बघायचं ते बघूदेत. कपाळ एप्रिलपर्यंत हलायला लागेल.

येत्या बुधवारी, सात तारखेला, तीन वाजताची वेळ डॉक्टरांकडे घेतली आहे. पापणी तोपर्यंत बरी झालेली असेल, तरी दाखवून जा. शांता परबचं नाव खोडून तुझं लिहिलंय. फॉर्मात पेशंटबरोबर कोण येणार असा एक रकाना असतो, तिथे मी "मुलगी" भरलं आहे.

छत्री आणू नको. आणि वेळेवर ये. या खेपेला मी दोनदा दारात येणार नाही, तीनपासून तिथेच उभी असेन.

गौरवी